यंत्राचे हादरे आणि चळवळीची बधिरता

दरवर्षी ४ मार्च रोजी देशभर राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा केला जातो. राष्ट्रीय सुरक्षा परिषद १९६६ साली या तारखेस स्थापन झाली, एवढाच या दिवसाचा इतिहास. त्या दिवशी कारखान्यांच्या दारांवर फलक झळकतात, कामगारांना रांगेत उभे करून शपथ दिली जाते, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात आणि व्यवस्थापक महोदयांच्या हस्ते बक्षिसे वाटली जातात. फलकावरील कामगार शिरस्त्राण घालून हसत असतो. फलकावरील मजकूर दरवर्षी बदलतो, आशय मात्र बदलत नाही : कामगारा, सावध राहा. या साऱ्या सोहळ्यात मालकाची भूमिका उपदेशकाची असते आणि कामगाराची भूमिका भावी गुन्हेगाराची. अपघात होतो तो निष्काळजी माणसाला, हा सिद्धान्त इतक्या वेळा उच्चारला गेला आहे की कामगारसुद्धा आता तो स्वतःच्या तोंडाने सांगू लागले आहेत.

हातात धरून चालवण्याच्या यंत्रांच्या बाबतीत हा सिद्धान्त प्रथमदर्शनी खराही वाटतो. चार इंची ग्राइंडर मिनिटाला सुमारे अकरा हजार फेऱ्या घेतो. सात इंची चकतीला साधारण साडेआठ हजार फेऱ्यांचीच मुभा असते. तरीही असंख्य ठिकाणी चार इंची ग्राइंडरचे संरक्षक कवच काढून त्यावर मोठी चकती चढवलेली दिसते. ती फुटली की तिचे तुकडे बंदुकीच्या गोळीसारखे सुटतात. लाकूड कापण्याचे दातेरी पाते ग्राइंडरला लावणे ही त्याहून भयंकर गोष्ट, पण सुतारकामात ती नित्याची झाली आहे. प्लग तुटला म्हणून उघड्या तारा सॉकेटात घालून त्या काडेपेटीच्या काड्यांनी घट्ट बसवणे तर इतके सर्वपरिचित आहे की त्याचे कोणास नवलही वाटत नाही. हे सारे करणारा हात कामगाराचा असतो, यात शंका नाही.

परंतु तो हात असे का करतो हा प्रश्न सुरक्षा दिनाच्या व्यासपीठावर विचारला जात नाही. ठेकेदाराने तीन कामांसाठी एकच यंत्र दिलेले असते. काम उक्ते असते, म्हणजे मोबदला कापलेल्या नगांवर मिळतो, घालवलेल्या तासांवर नव्हे. प्लग आणायला बाजारात जाण्याचा अर्धा तास कामगाराच्या खिशातून जातो. धक्का बसताच तीस मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारे साधे उपकरण फळीवर बसवण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही, कारण जागेचा मालक म्हणतो ती ठेकेदाराची, ठेकेदार म्हणतो ती उपठेकेदाराची, आणि उपठेकेदार हा पुष्कळदा काल-परवापर्यंत स्वतःच कामगार असलेला कफल्लक माणूस असतो. धोका पत्करल्याशिवाय मजुरी पुरत नाही अशी दराची रचना करायची आणि धोका पत्करल्याबद्दल कामगाराला दोष द्यायचा, असा हा दुहेरी व्यवहार आहे.

तरीही निष्काळजीपणाच्या सिद्धान्ताचा खरा पराभव चकती फुटण्यात होत नाही. तो होतो यंत्राच्या हादऱ्यात. कारण या बाबतीत सर्व नियम पाळणारा, कवच न काढणारा, चष्मा लावणारा, वेळेवर हजर राहणारा, यंत्र दोन्ही हातांनी घट्ट धरून इमानाने आठ तास चालवणारा कामगारच सर्वाधिक जायबंदी होतो. येथे अपघात घडत नाही, रक्त सांडत नाही, पंचनामा होत नाही. जे घडते ते बोटांच्या आत, वर्षानुवर्षे आणि निःशब्दपणे घडत राहते.

ब्रेकर, जॅकहॅमर, ग्राइंडर, साखळी करवत, छिन्नीचा हवाई हातोडा अशा यंत्रांचे कंप मुठीतून बोटांत, मनगटात आणि बाहूत शिरतात. बोटांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू यांना ते इजा करतात. प्रथम काम संपल्यावर हाताला मुंग्या येतात, झिणझिण्या राहतात. कामगार हात झटकतो आणि घरी जातो. पुढे रात्री हात बधिर होऊन झोपमोड होऊ लागते. मग थंडीच्या सकाळी बोटांची टोके मेणासारखी पांढरी पडतात, काही वेळाने निळसर होतात, आणि रक्त परतू लागले की लाल होऊन असह्य ठणकतात. फ्रेंच वैद्य मोरिस रेनो यांनी १८६२ साली बोटे पांढरी पडण्याच्या या प्रकाराचे वर्णन केले म्हणून तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. हादऱ्यांमुळे तो होतो तेव्हा त्यास ‘पांढरे बोट’ असे साधे नाव आहे. शेवटी मुठीची पकड जाते. सदऱ्याचे बटण लावता येत नाही, जमिनीवर पडलेले नाणे उचलता येत नाही, हातातील स्क्रू गरम आहे की गार हे कळत नाही. रक्तवाहिन्यांचा विकार काम लवकर सोडले तर काहीसा ओसरू शकतो. मज्जातंतूंची इजा बहुधा भरून येत नाही. ज्या हातांवर माणूस जगतो ते हात चाळिशीत निकामी होतात आणि बाहेरून ते जसेच्या तसे दिसतात. त्यामुळे घरच्यांनाही तो कामचुकार वाटू लागतो, मुकादमाला वाटतो यात नवल काय?

हे ज्ञान नवे आहे असे कोणी म्हणेल तर ते असत्य होईल. इटलीतील जोव्हान्नी लोरिगा यांनी १९११ साली हवाई यंत्रे वापरणाऱ्या दगडकामगारांच्या हातांतील हा विकार नोंदवला. १९१८ च्या हिवाळ्यात डॉ. अॅलिस हॅमिल्टन अमेरिकेतील इंडियाना राज्यात बेडफर्ड येथील चुनखडीच्या खाणींत गेल्या. शिकागोच्या हल हाउसमध्ये श्रमिकांच्या वस्तीत राहून ज्यांनी औद्योगिक रोगांच्या शास्त्राचा अमेरिकेत पाया घातला त्याच या बाई. हवाई हातोड्याने हात बिघडतात अशी दगड घडवणाऱ्या कामगारांच्या संघटनेची तक्रार होती. बाईंनी बेडफर्डमध्ये ३८ कामगार तपासले. त्यांपैकी ३४ जणांची बोटे पांढरी पडत होती. त्यांचा अहवाल अमेरिकेच्या श्रम-सांख्यिकी खात्यानेच छापला. सरकारी कागदावर, सरकारी शिक्क्यानिशी सत्य नोंदले गेले.

मग काय झाले? दगड निघत राहिला. न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १९३१ साली उभी राहिली, तिच्या अंगावर इंडियानाचाच चुनखडीचा दगड आहे. आणि १९७८ साली, म्हणजे बरोबर साठ वर्षांनी, संशोधकांचे दुसरे पथक त्याच बेडफर्डला गेले तेव्हा हवाई हातोडा चालवणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांना तोच विकार असल्याचे आढळले. साठ वर्षांत दोन महायुद्धे संपली, माणूस चंद्रावर जाऊन आला. बेडफर्डच्या कामगाराची बोटे मात्र पांढरीच राहिली. ज्ञान असले की सुधारणा आपोआप होते असे मानणाऱ्या भाबड्या उदारमतवाद्यांनी ही दोन सालं पाठ करून ठेवावीत.

ब्रिटनची कथा समाजवाद्यांनी अधिक लक्षपूर्वक वाचली पाहिजे. तेथे हा विकार औद्योगिक रोगांच्या सरकारी यादीत घालावा की नाही याचा विचार सल्लागार समितीने १९५४ साली केला, पुन्हा १९७० साली केला, १९७५ साली केला, आणि प्रत्येक वेळी नकार दिला. विकार क्षुल्लक आहे, निदान अवघड आहे, अशी कारणे पुढे आली. अखेर १९८१ साली समितीचे मत बदलले आणि १९८५ साली रोग यादीत आला. तोवर कोळसा खाणीत ड्रिल धरणाऱ्या दोन पिढ्या संपल्या होत्या. पुढे १९९० च्या दशकात खाणकामगार न्यायालयात गेले. कंपांमुळे हा विकार होतो हे कोळसा मंडळाला १९७३ पासून कळायला हवे होते, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. त्यानंतर भरपाईची जी योजना सरकारला काढावी लागली तिच्यात दीड लाखाहून अधिक दावे आले आणि दीड अब्ज पौंडांहून अधिक रक्कम द्यावी लागली. (त्या रकमेतून स्वतःचा वाटा कापून घेणाऱ्या काही वकिलांवर पुढे शिस्तभंगाची कारवाई झाली. कामगाराच्या जखमेवरही दलाली असतेच.)

यातील मर्म असे की ब्रिटनच्या कोळसा खाणी १९४७ पासून राष्ट्राच्या मालकीच्या होत्या. खाणीच्या तोंडाशी ‘ही खाण आता जनतेच्या वतीने चालते’ असे फलक लागले होते. राष्ट्रीयीकरणाने खाजगी नफा गेला, उत्पादनाचे उद्दिष्ट मात्र राहिले, आणि उद्दिष्टाच्या दडपणाखाली सरकारी व्यवस्थापकाने तेच केले जे खाजगी मालकाने केले असते. मालकीचा प्रश्न सुटला की श्रमप्रक्रियेचे प्रश्न मागोमाग सुटतील, ही समजूत समाजवादी चळवळीत फार काळ नांदली. कोळशाच्या खाणीतील बोटांनी ती खोटी ठरवली आहे.

जपानातही साखळी करवतीचा पहिला मोठा बळी ठरला तो राष्ट्रीय वनांतील सरकारी कामगारच. १९५० च्या दशकात तेथील जंगलांत यंत्रकरवती आल्या आणि १९६० च्या दशकाच्या मध्यास पांढऱ्या मेणासारख्या बोटांचा रोग लोकांसमोर आला. फरक पडला तो पुढे. वनकामगारांच्या संघटनेने हा प्रश्न वैद्यांच्या चर्चासत्रावर सोडून दिला नाही. तिने तो सौद्याच्या मेजावर आणला, आणि १९६९ साली करवत चालवण्याचा वेळ दिवसाला दोन तासांपुरता मर्यादित करणारा करार झाला. पुढे सरकारच्या मार्गदर्शनातही दोन तासांची हीच मर्यादा आली. त्याच सुमारास मूठ आणि इंजिन यांच्यामध्ये रबराचे आधार घालून कंप कमी केलेल्या करवती प्रचारात आल्या. यंत्र बदलता येते हे अशा रीतीने सिद्ध झाले. ते बदलण्याची निकड वाटावी यासाठी मात्र कोणीतरी काम थांबवण्याची भाषा करावी लागते.

किती हादरा म्हणजे फार, याचे माप आज उपलब्ध आहे. ते गूढ नाही, आणि प्रत्येक शाखेच्या कार्यकर्त्याला ते समजले पाहिजे. युरोपीय संघाने २००२ साली आणि त्यानुसार ब्रिटनने २००५ साली दोन आकडे कायद्यात घातले. आठ तासांच्या दिवसावर सरासरी काढली असता कंपाचे त्वरण सेकंदवर्गास अडीच मीटर झाले की मालकाने उपाययोजना सुरू केलीच पाहिजे. पाच मीटरच्या पलीकडे काम करवून घेता येणार नाही. हिशेबातील कळीची गोष्ट अशी की हादरा दुप्पट झाला तर मुभेचा वेळ निम्मा होत नाही, तो चौथाई होतो. पंधरा मापाचा ब्रेकर असेल (आणि ब्रेकर सर्रास तेवढे किंवा त्याहून अधिक हादरतात) तर पहिला टप्पा अवघ्या तेरा मिनिटांत गाठला जातो आणि कमाल मर्यादा त्रेपन्न मिनिटांत संपते. वीस मापाचे यंत्र असेल तर साडेसात मिनिटे आणि अर्धा तास. सहा मापाच्या ग्राइंडरला पहिल्या टप्प्यापर्यंत सुमारे सव्वा ते दीड तास मिळतो आणि मर्यादेपर्यंत साडेपाच तास. अर्थात ही मिनिटे यंत्र प्रत्यक्ष चालू असल्याची. चहाचा वेळ त्यात धरायचा नाही.

आता या आकड्यांसह महाराष्ट्रातील कोणत्याही रस्त्यावर उभे राहावे. सकाळी नाक्यावरून उचललेला मजूर रस्त्याचे काँक्रीट ब्रेकरने फोडत असतो. त्याचा त्रेपन्न मिनिटांचा कोटा न्याहारीच्या आधीच संपलेला असतो, आणि काम तर दिवेलागणीपर्यंत चालायचे असते. ग्रामीण भागात विहीर खोदताना ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरने जॅकहॅमर चालतो. सुरुंगाची भोके पाडणारा माणूस बहुधा वडार समाजातला असतो, ज्याच्या कित्येक पिढ्या दगडाशीच झुंजत आल्या. खोल विहिरीत त्याच्या फुप्फुसात दगडाची धूळ आणि हातात यंत्राचा हादरा एकाच वेळी शिरत असतात. कोल्हापूर-सांगलीच्या ओतशाळांत ओतीव कामाचे कंगोरे घासून काढणारा फेटलिंग विभागाचा कामगार पाळीभर ग्राइंडर धरून असतो. ओतशाळेच्या उत्पादनाचा अभिमान साऱ्या जिल्ह्याला असतो. मोटारींचे भाग, पंपांची आवरणे परदेशी जातात, आणि ज्या देशांत ती जातात तेथे त्याच कामावर मिनिटांची मर्यादा आहे.

भारतीय कायदा याबाबत काय म्हणतो? कायदा मौन पाळतो. कारखान्यांतील कळवण्यायोग्य रोगांची यादी १९४८ च्या कारखाने कायद्याला जोडलेली होती. तिच्यात शिसे होते, पारा होता, सिलिकोसिस होता, आवाजाने येणारा बहिरेपणाही होता. कंपाचा रोग नव्हता. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीतही तो नव्हता, आणि यादीत नसलेल्या रोगाला भरपाई हवी असेल तर तो एखाद्या विशिष्ट अपघाती इजेतून उद्भवल्याचे दाखवावे लागे. जो रोग दहा वर्षांच्या लाखो हादऱ्यांतून येतो त्याच्यासाठी अपघाताची तारीख आणायची कोठून? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ साली हवेचे प्रदूषण, आवाज आणि कंप यांविषयी स्वतंत्र करारनामा संमत केला. भारताने त्यास मान्यता दिलेली नाही. १९८० साली त्याच संघटनेने व्यावसायिक रोगांच्या आपल्या यादीत कंपाचे विकार घातले. भारतीय यादीची दारे तेव्हाही बंदच राहिली. बांधकाम कामगारांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत अतिरेकी आवाज व कंप यांपासून संरक्षण करावे असे एक वाक्य आहे. त्यात आवाजाला अनुसूचीतील आकडा मिळाला आणि कंप मात्र विशेषणावर भागवला गेला. आकडा नसलेला नियम म्हणजे निरीक्षकाला दिलेली झोपेची परवानगी.

चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. सत्तर वर्षांच्या जुन्या कायद्यांना आधुनिक करण्याची भाषा त्या वेळी सरकारने मोठ्या आवाजात केली. आधुनिकतेचे हे सोंग तपासायचे असेल तर रोगांची यादी उघडावी : कंप तेथे आजही नाही. त्याऐवजी झाले ते असे की विजेवर चालणारा उद्योग ‘कारखाना’ ठरण्यासाठी पूर्वी दहा कामगार पुरत, ते आता वीस लागतात. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी वीसऐवजी पन्नास कामगारांपासून लागू होतात. म्हणजे ज्या लहान फेटलिंगच्या शेडमध्ये आणि ज्या लहान कंत्राटांत ग्राइंडर व ब्रेकर सर्वाधिक चालतात, नेमक्या त्याच जागा कारखान्याच्या आणि कंत्राटी कामगारांच्या कायद्याच्या कुंपणाबाहेर गेल्या. अपघाताने गेल्या असे मानण्याइतका भोळेपणा कामगार चळवळीला परवडणारा नाही.

यावर तीन उत्तरे ठरलेली असतात. पहिले, हा थंड देशांतला रोग आहे, भारतात बोटे पांढरी पडत नाहीत. यात अर्धसत्य आहे. उष्ण हवेत पांढरे बोट कमी दिसते हे खरे. परंतु बधिरता, झिणझिण्या आणि पकड जाणे यांना थंडी लागत नाही. ते मज्जातंतूंचे विकार आहेत आणि उष्ण देशांतील दगडकामगारांतही आढळले आहेत. रोगाचे दर्शनी चिन्ह झाकलेले राहते म्हणून रोग नाही, असे म्हणणे म्हणजे धूर दिसत नाही म्हणून आग नाकारणे होय. दुसरे उत्तर हातमोज्यांचे. हातमोजे दिले की मालकाचे कर्तव्य संपते, अशी समजूत आहे. हातमोज्याने हात उबदार राहतो आणि खरचटणे टळते, तेवढ्यापुरता तो हवाच. पण ब्रेकरसारख्या यंत्राचे मंदगती, जोरकस हादरे, जे हाताला सर्वाधिक अपाय करतात, ते तथाकथित कंपरोधक हातमोज्यानेही फारसे अडत नाहीत. जाड मोज्याने पकड अधिक आवळावी लागते आणि हादरा उलट अधिकच आत जातो.

तिसरे उत्तर लहान उद्योजकाच्या गरिबीचे आहे आणि ते अधिक गांभीर्याने घेतले पाहिजे. लहान शेडचा मालक खरोखर श्रीमंत नसतो. परंतु कंप कमी करण्याचे पहिले उपाय महागडे नसतात. बोथट छिन्नी धार लावून वापरणे, झिजलेली आणि तोल गेलेली चकती फेकून देणे, सैल बेअरिंग बदलणे, कामाला योग्य ताकदीचे यंत्र देणे, ज्यामुळे कामगाराला ते अंगाच्या जोराने दाबावे लागत नाही, हवाई यंत्रातून निघणारा गार वारा बोटांवर येणार नाही अशी त्याची दिशा वळवणे, या गोष्टींना परदेशी भांडवल लागत नाही. जेथे मोठे खोदकाम आहे तेथे खोदयंत्राला जोडलेला ब्रेकर वापरला तर माणसाच्या हाताची गरजच राहत नाही. असे असूनही तो वापरला जात नाही, कारण चार माणसांची रोजंदारी यंत्राच्या भाड्याहून स्वस्त पडते. आणि ज्या मोठ्या कंपनीसाठी लहान शेड ओतीव काम घासते तिने दर ठरवताना कामगाराच्या मनगटाची किंमत शून्य धरलेली असते. लहान उद्योजकाची गरिबी खरी असेल, तर तिचे बिल त्या मोठ्या कंपनीकडे पाठवावे. ते फेटलिंग कामगाराच्या बोटांवर वसूल का व्हावे?

एवढे सारे मालक आणि सरकार यांच्या खाती मांडून झाल्यावरही एक खाते उरते, ते कामगार संघटनांचे. महाराष्ट्रातील संघटनांनी महागाई भत्त्याचा, बोनसचा, कायम करण्याचा लढा जिद्दीने लढवला. यंत्राच्या हादऱ्याचा प्रश्न मात्र जेव्हा केव्हा करारात आला तेव्हा तो बहुधा ‘धोका भत्ता’ या कलमात आला. महिन्याला काही रुपये वाढवून घ्यायचे आणि धोका तसाच ठेवायचा, हा सौदा करणाऱ्या पुढाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्यामागचा कामगारच रोख रकमेची मागणी करीत होता. परंतु या सौद्याने दोन अनर्थ केले. धोका ही विक्रीची वस्तू ठरली, आणि धोका नाहीसा होणे हे कामगाराच्याच उत्पन्नावरचे संकट बनले. फेटलिंगवरून दुसऱ्या कामावर बदली झाली तर भत्ता जातो, म्हणून हात बधिर झालेला कामगारच बदलीला विरोध करतो. स्वतःच्या हाताविरुद्ध स्वतःच उभे राहण्याची ही पाळी त्याच्यावर युनियनच्या सहीने आली आहे.

वैद्यकीय तपासणीच्या मागणीतही असाच सापळा आहे. तपासणी हवीच. पण जेथे कंत्राटी कामगाराला उद्याच्या हजेरीची शाश्वती नाही, तेथे तपासणीचा अहवाल मालकाच्या हाती पडणे म्हणजे कोणाला काढायचे याची यादीच त्याला तयार करून देणे आहे. म्हणून अहवाल प्रथम कामगाराच्या हाती, आणि विकार आढळल्यास त्याच पगारावर दुसरे काम, या दोन अटींशिवाय कोणत्याही संघटनेने तपासणीच्या कलमावर सही करू नये. पाळीपाळीने यंत्र धरण्याच्या योजनेविषयीही सावधपणा हवा. त्रेपन्न मिनिटांचा हिशेब पाळून सहा माणसे आलटून पालटून ब्रेकर धरतील तर ठीक. हिशेब न ठेवता केली तर तीच योजना एका माणसाचा रोग सहा जणांत वाटून देते.

या मागण्या स्वप्नवत आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी हमालांकडे पाहावे. पाठीवर किती वजन घ्यायचे हा आकडा हमालाने ठरवावा, ही कल्पना एके काळी बाजार समितीतील व्यापाऱ्यांना हास्यास्पद वाटे. शंभर किलोंचे पोते पन्नास किलोंवर आणण्यासाठी हमालांच्या संघटना वर्षानुवर्षे लढल्या. ज्या १९६९ साली जपानी वनकामगारांनी दोन तासांचा करार मिळवला त्याच साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला, आणि कोणा एका मालकाचा नसलेल्या कामगाराची जबाबदारी मंडळामार्फत साऱ्या मालकांवर टाकता येते हे त्याने दाखवून दिले. नाक्यावरचा ब्रेकरवाला मजूरही कोणा एका मालकाचा नाही. त्याच्यासाठी मंडळ का नसावे, आणि त्या मंडळाच्या दरपत्रकात नगांऐवजी मिनिटे का नसावीत, हा प्रश्न अद्याप कोणत्याही संघटनेने पुरेशा जोराने विचारलेला नाही.

आरंभ कोठून करावा याला परवानगी लागत नाही. युरोपात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक हातयंत्राच्या पुस्तिकेत, कंप अडीच मापाच्या वर असेल तर त्याचा आकडा छापणे उत्पादकाला बंधनकारक आहे. त्यांतील पुष्कळ यंत्रे भारतातही विकली जातात. पुस्तिका खोक्यात राहते किंवा भाड्याने यंत्र देणाऱ्या दुकानदाराकडे पडून असते, आणि यंत्र तेवढे कामावर येते. शाखेच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या विभागातील ओतशाळांतून, बांधकामांवरून आणि खाणींतून यंत्रांच्या प्रतिकृतीचे क्रमांक उतरवून घ्यावेत, पुस्तिका मागून आकडे मिळवावेत, आणि एका आठवड्यात प्रत्येक कामगाराच्या हातात यंत्र किती मिनिटे प्रत्यक्ष चालू होते याची वही ठेवावी. प्रयोगशाळेतील आकडा प्रत्यक्ष कामावरच्या हादऱ्यापेक्षा पुष्कळदा कमी असतो, तेव्हा वहीतला हिशेब मालकाच्याच बाजूला झुकलेला असेल, हे वाटाघाटीत आरंभीच सांगून टाकावे. वहीत शेवटचा रकाना रात्री हात बधिर होतो का याचा असावा, आणि तो भरण्यापूर्वी कामगाराचे नाव पानावरून वेगळे करावे. पुढच्या करारात धोका भत्त्याचे कलम आले की त्यासमोर ही वही ठेवावी, भत्त्याची रक्कम मूळ पगारात मिळवून मागावी, आणि मिनिटांच्या मर्यादेचे कलम स्वतंत्रपणे मांडावे. तसेच कंपाचा विकार यादीत घालण्याचे निवेदन राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आणि केंद्रीय श्रममंत्रालयाकडे त्याच वहीच्या नकलेसह धाडावे.